डोक्यावाचून टोपी

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला टीकाकारांची भीती वाटते, असा एक समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. माझ्या गेल्या कादंबरीवर जे चार-सहा अभिप्राय छापून आले ते सारे गोड होते. कोणी निसर्गवर्णन वाखाणले, कोणी ‘आदिवासी जीवनाचे मनोज्ञ दर्शन’ असे ठरलेले वाक्य लिहिले. कान टोचणारी खरी टीका आली ती एका पोस्टकार्डावरून, आणि तीही मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून.

ज्या प्रसंगावर ते कार्ड आले तो आधी सांगतो. काळ १९४५ चा आषाढ. जव्हार संस्थानातला एक तरुण जंगल-कारकून भर पावसात मोखाड्याच्या रस्त्याने चालत एका वृद्ध बाईच्या घरी येतो. त्याच्या डोक्यावर कुणा साहेबाने दिलेली फेल्टची हॅट आहे. दारात येताच तो हॅट काढतो, छातीशी धरतो आणि मान लववतो. ह्या तीन वाक्यांवर मी फार खूश होतो. सत्तेच्या नोकराने दरिद्री वृद्धेपुढे केलेले हे मस्तक-वंदन माझ्या मते कादंबरीचा कळस होते.

कार्डावर एवढेच होते: “तुमचा कारकून दारात टोपी काढतो. आमच्याकडे दारात वहाणा काढतात. डोके बोडके करतात ते मयताला. म्हातारीने त्याला पहिल्याप्रथम विचारले असते, ‘कोण गेलं रं?’ दुसरे असे की, तो आत शिरताना वाकल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. आमची दारे बुटकी असतात.”

मी कार्ड दोनदा वाचले, आणि कळस ढासळला!

ह्या टीकेचे मर्म थोडे उलगडून पाहण्यासारखे आहे. कारण चूक माझी असली तरी ती माझ्या एकट्याची नाही. इंग्रजी रीतीत आदर दाखवायचा तो डोक्यावरचे काढून. आपल्या रीतीत आदर दाखवायचा तो डोक्यावर काही चढवून. लग्नात व्याह्याला शेला-पागोटे देतात. गावच्या सत्कारात पाहुण्याला टॉवेल-टोपी देतात, मग ती टोपी त्याच्या मापाची असो वा नसो. बाप गेलेल्या मुलाला दुखवट्याचे दिवस सरल्यावर आप्तजन पागोटे बांधून पुन्हा संसारात आणतात. ‘ह्याचे डोके उघडे राहू नये’ ही ह्या साऱ्यामागची एकच भावना. तेव्हा उघड्या डोक्याचा अर्थ आपल्याकडे नम्रता नव्हे, तर शोक किंवा मानहानी. माझा कारकून मराठी बोलत होता खरा, पण त्याचे हात इंग्रजी कादंबरीतून आले होते.

आणि गंमत पाहा, ज्या जव्हारवर मी लिहीत होतो, त्या जव्हारची सर्वांत लाडकी आख्यायिका नेमकी ह्याच गोष्टीची आहे! गावाजवळच्या शिरपामाळावर गेलेल्या प्रत्येक प्रवाशाला ती सांगतात. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम ह्या माळावर पडला. जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे त्यांच्या स्वागताला आले आणि त्यांनी महाराजांच्या मस्तकी मानाचा शिरपेच चढवला. त्यावरून माळाचे नाव शिरपामाळ पडले. एका राजाने दुसऱ्याचा मान केला तो त्याच्या मस्तकावर भर घालून. हा माळ मी किती वेळा पाहिला, शाळेच्या मुलांना सहलीला नेऊन दाखवला, आणि तरी कादंबरी लिहायला बसलो तेव्हा माझ्या कारकुनाने हॅट काढलीच!

पुस्तकातली चूक सुधारायची तर आधी वस्तू हातात घेऊन पाहावी, ह्या हेतूने मी जुन्या फेल्ट हॅटी जमवू लागलो. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर अशा वस्तू अजून सापडतात. पहिली हॅट घेतली ती फसून. वरून ती काळीभोर होती, पण घरी आणून उजेडात धरली तेव्हा कसरीने तिची चाळणी केलेली दिसली. पुढे थोडे शहाणपण आले. जुनी हॅट घ्यायची तर प्रथम उलटी करून आत पाहावे. घामासाठी लावलेली कातडी पट्टी चिवट असली तर हॅटचे आयुष्य शिल्लक आहे. ती आकसून करकरीत झाली असेल तर कोणी तरी ती उन्हात किंवा चुलीपाशी वाळवली आहे असे समजावे. पुढच्या चिमटीच्या जागी कापड विरले आहे का ते पाहावे, कारण सगळेजण हॅट तिथेच धरतात. घरी ठेवताना ती कडांवर टेकवू नये, पालथ्या माथ्यावर ठेवावी. आणि धूळ झटकताना तोंड दूर ठेवावे. जुन्या काळी सशाची लव जमावी म्हणून तिला पाऱ्याचे क्षार लावीत. त्या वाफेने टोप्या करणाऱ्या कारागिरांचे हात थरथरत, बुद्धीही भ्रमत असे. ‘टोपीवाल्यासारखा वेडा’ हा इंग्रजी वाक्प्रचार ह्या दुखण्याशी जोडतात. अमेरिकेत ही रीत बंद झाली ती १९४१ साली.

फेल्ट म्हणजे विणलेले कापड नव्हे, हे मला ह्या नादातच नीट उमगले. आपल्या घोंगडीला ताणा असतो, बाणा असतो. एकेक धागा कोठून कोठे गेला ते दाखवता येते. फेल्टला ताणा-बाणा काही नाही. ससा, बीव्हर ह्यांची लव किंवा मेंढीची लोकर घ्यायची, तिला ऊन, ओल आणि दाब द्यायचा. केसाच्या अंगावरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात आणि सुटा पिंजर घट्ट होऊन बसतो. उत्तम लवेची दाट हॅट पाऊस पुष्कळ सोसते. हलक्या लोकरीची मात्र भिजली की कडा टाकते आणि धन्याच्या कानांवर येऊन बसते. माझ्या कारकुनाची हॅट साहेबाने टाकून दिलेली, म्हणजे बहुधा दुसऱ्या जातीची. ती मोखाड्याला पोचेपर्यंत ताठ राहिली, ही माझी तिसरी चूक. तिच्याबद्दल पत्रलेखकाने मला सोडून दिले होते!

आता प्रश्न असा की, मराठी लेखकाची हॅटशी अशी गाठ वारंवार का चुकते? मला वाटते, ही वस्तू आपल्या भाषेत माणूस म्हणून शिरलीच नाही. ती परकेपणाची खूण म्हणून शिरली. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज ह्या सर्वांना मिळून एकच शब्द आहे, ‘टोपीकर’. अनेक देश, अनेक धर्म, अनेक भाषा; पण आपल्या नजरेला दिसली ती टोपी. पुढे वाक्प्रचारांतही तिने फारसे चांगले नाव मिळवले नाही. टोपी घालणे म्हणजे फसवणे, टोपी उडवणे म्हणजे थट्टा करणे. पगडीने पुष्कळ मान मिळवला, पण तीही फिरवली की मत बदलते. आणि मुंबईत भाड्याची जागा घेताना ‘पगडी’ मागितली तर खिसा रिकामा होतो.

तथापि ह्या परक्या वस्तूचे एक मोठे देणे आपल्या समीक्षेने पुरेसे नोंदवलेले नाही. आपले जुने शिरोभूषण बोलके होते, अतिबोलके होते. पगडीची घडण पाहून माणसाची जात, गाव, पेशा ओळखता येई. बांधणाऱ्याने डोक्यावर जन्मपत्रिकाच बांधलेली असे. हॅट ह्या बाबतीत मुकी होती. ती पैसा सांगे, शिक्षण सांगे. जात सांगत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची सूट आणि हॅट ह्या वेषातली जी छायाचित्रे आहेत, ती ‘साहेबी थाट’ एवढे म्हणून ओलांडून जाणाऱ्याला वाचता आली नाहीत असे मी म्हणेन. ज्याच्या समाजाच्या मस्तकावर काय असावे हे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवले, त्याने काहीच न सांगणारी टोपी निवडणे हे पुष्कळ काही सांगणे आहे.

महात्मा गांधींनी जी टोपी प्रचारात आणली तिच्याविषयी काका कालेलकरांनी नोंदवून ठेवले आहे की, प्रांतोप्रांतीच्या टोप्यांचा विचार करून गांधीजींनी काश्मिरी टोपीचा घाट पसंत केला. आणि ती पांढऱ्या खादीची केली, म्हणजे धुता यावी. हाही मुकेपणाचाच शोध, पण स्वस्त आणि धुवट. खुद्द गांधीजींनी १९२१ मध्ये टोपी सोडली; महाराष्ट्रातल्या खेड्यांनी मात्र ती आजवर सोडलेली नाही. गाडगेमहाराजांनी तर मस्तकावर मातीचे खापरच धरले, जे भूक लागली की ताटही होई. शिरोभूषणावर ह्याहून तिखट टीका कोणत्याही टीकाकाराने लिहिली नसेल!

आणि हॅटचे सामर्थ्य ओळखले ते कादंबरीकारांनी नव्हे, तर क्रांतिकारकांनी. डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्सच्या वधानंतर भगतसिंगांनी केस कापले, हॅट घातली आणि दुर्गाभाभी व त्यांच्या लहान मुलासह साहेब बनून ते लाहोरहून आगगाडीने निसटले. बरोबर नोकराच्या वेषात होते आपल्या खेडचे राजगुरू. पोलीस चेहरा शोधीत होते. त्यांना दिसली हॅट. नोकराच्या डोक्याकडे तर कोणी पाहिलेच नाही. कथानकात टोपीला काम कसे द्यावे ह्याचा मला ठाऊक असलेला हा उत्तम नमुना आहे. टोपी इथे शोभेसाठी नाही. ती काढली तर गोष्ट कोसळते.

माझ्याजवळ हॅटी पाच झाल्या. एकही माझ्या डोक्याला बसेना. मेजपट्टीने माझ्या डोक्याचा घेर सत्तावन्न सेंटिमीटर भरतो. इंग्रजी मापाने तो सात. त्या मापाची हॅटही कपाळावर रुतली आणि कानांवर पोकळ राहिली. तेव्हा कळले की, घेर सारखा म्हणून डोके सारखे नसते. कोणाचे लांबट, कोणाचे वाटोळे. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर लॉक ह्यांचे दुकान १६७६ पासून चालत आले आहे. अशा पेढ्यांत पट्ट्यापट्ट्यांचा टोपासारखा एक सापळा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवीत. तो डोक्याचा उंचसखलपणा चाचपून वरच्या कागदावर टाचण्यांनी त्याचा लहानसा नकाशा टोचीत असे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये निघालेली ही युक्ती. इटलीत १८५७ मध्ये बोर्सालिनो आणि अमेरिकेत १८६५ मध्ये स्टेटसन ह्यांनी जे कारखाने काढले, त्यांनी तयार मापांच्या हॅटी जगभर नेल्या. पण स्वतःच्या डोक्याची हॅट हवी तर आजही कारागिराकडेच जावे लागते.

टोपीचा कारागीर कसा निवडावा? ह्या प्रश्नाचे उत्तर मला लंडनात नव्हे, जव्हारच्या बाजारात मिळाले. पावसाळ्याच्या तोंडाशी तिथे एक म्हातारा इरली घेऊन बसला होता. ज्या वाचकांनी इरले पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पानांचे थर, डोक्यावरून पाठीवर उतरणारे अर्धी होडी पालथी घातल्यासारखे आच्छादन. भातलावणीला दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी राहते. मी किंमत विचारली. त्याने किंमत सांगितली नाही.

“वाकून काम करायचं का उभ्यानं?” त्याने विचारले.

“वाकून नाही. मी शिकवतो,” मी म्हणालो.

“मंग छत्री घ्या, गुरुजी.”

कारागिराची परीक्षा ह्याहून वेगळी नाही. जो प्रथम तुमचे काम विचारतो, मग पाठ किंवा डोके मापतो, आणि तुम्हाला नको असलेली वस्तू विकायला नकार देतो, तो खरा. पुण्यातले पगडबंद पुणेरी पगडी घडवतात. तिला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला हे योग्यच झाले. पण समारंभाच्या घाईत चाळीस पगड्या एका मापाने उचलून चाळीस पाहुण्यांच्या डोक्यांवर टेकवतात, तेव्हा फोटो निघेपर्यंत प्रत्येक पाहुणा एका हाताने ती सावरीत असतो. निर्देशांक पगडीला मिळतो. डोक्याला मात्र मिळत नाही. फेट्याचे तसे नाही. तो दर वेळी डोक्यावरच बांधायचा. डोके हाच त्याचा ठोकळा.

आणि मोखाड्याच्या बोहाड्यात तर हा हिशेब पुरता उलटा होतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी रात्रभर संबळाच्या तालावर एकेक सोंग येते. गणपती, नरसिंह, रावण, अखेर देवी. मुखवटा जड असतो. नाचणाऱ्याची मान त्याच्या ओझ्याने वेगळीच चाल धरते. टोपी माणसाला शोभा देते. मुखवटा माणसाला घेऊन टाकतो. त्या रात्री तो कोणाचा मुलगा, कोणाचा बाप हे कोणी विचारीत नाही; लोक हात जोडतात ते देवाला. सकाळी मुखवटा उतरतो आणि तोच माणूस घरी जाऊन झोपतो. हेच मुखवटे शहरातल्या दिवाणखान्यात भिंतीला टांगलेले मी पाहिले आहेत. रंग तेच, डोळे तेच, पण आत मान नाही!

संग्राहकाची आणि कादंबरीकाराची चूक इथे एक होते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, जे ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविताही लिहीत, आयुष्यभर दिवे जमवले, अडकित्ते जमवले. काचेआडचा अडकित्ताही आपण काय कातरतो ते सांगतो. टोपी तसे सांगत नाही. डोके काढून घेतले की टोपीची अर्धी गोष्ट जाते. ऐतिहासिक कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत जिरेटोप, मंदील, पगड्या अगदी हुबेहूब असतात, कारण चित्रे पाहून त्या शिवलेल्या असतात. खोटी ठरते ती त्यांखालची मान. ती केव्हा वाकते, कोणापुढे ताठ राहते, दार बुटके असले तर काय करते, हे पोशाखाच्या पेटाऱ्यात सापडत नाही.

शेवटी मी पोस्टकार्ड पाठवणाऱ्या गृहस्थांना भेटायला गेलो. जव्हारहून एस.टी.ने मोखाडा, पुढे पायी. दार खरोखरच बुटके होते. मी वाकलो, तरी कपाळ आपटले. म्हातारबाबा हसले. म्हणाले, “आता लिहाल नीट.”

चहा झाल्यावर त्यांनी आढ्याकडे बोट केले. तिथे शिंक्यात एक तपकिरी फेल्ट हॅट उलटी टांगलेली होती. त्यांच्या वडिलांना संस्थानच्या नोकरीत कुणा अंमलदाराने दिलेली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, नोकरी गेली, हॅट राहिली. “बापानं कधी घातली होती?” मी विचारले. “एकदा. आय हसली. मंग नाय घातली.” कामावर ते पागोटे बांधीत. हॅटमध्ये त्या दिवसापासून वालाचे बियाणे ठेवतात. उंदीर पोचत नाहीत आणि दमट लागत नाही.

मी त्यांना पाऱ्याची गोष्ट सांगितली. हॅटमध्ये खाण्याचे काही ठेवू नये म्हणून विनवले.

“बियाणं हाय, गुरुजी. खायाचं नाय, पेरायचं.”

मी हॅट विकत मागितली. किंमतही बरी सांगितली. त्यांनी बियाणे सुपात ओतले, हॅट माझ्या डोक्यावर ठेवून पाहिली, आणि ती कपाळावर अडकलेली पाहून परत घेतली. “तुमच्या डोक्याची नाय,” ते म्हणाले, आणि बियाणे पुन्हा तिच्यात भरले.

जव्हारच्या बाजारातल्या त्या म्हाताऱ्याची परीक्षा ह्यांनीही घेतली होती, आणि मी पुन्हा नापास झालो होतो. परत येताना एस.टी.त माझ्या शेजारी एक तरुण बसला होता. त्याच्या मांडीवर हेल्मेट होते. आमच्या पिढीचे शिरोभूषण ते हेच, आणि तेही बहुधा डोक्याऐवजी गाडीच्या आरशावर लटकते. त्याच्याकडे पाहता पाहता मी प्रसंग मनात पुन्हा लिहिला.

दुसऱ्या आवृत्तीत तो असा आहे: कारकून दारात येतो, वहाणा काढतो, हॅट डोक्यावरच असते. वाकायला विसरतो. बुटक्या चौकटीला लागून भिजलेली हॅट मागे अंगणातल्या चिखलात पडते. म्हातारी उठते, ती उचलते, पाणी निथळते आणि त्याच्या मस्तकी पुन्हा ठेवते. मान कोणी कोणाला दिला, हे मी लिहिलेले नाही. ते लिहिण्याची गरज राहिलेली नाही.

माझ्या पाच हॅटी कपाटात पालथ्या आहेत. सहावी घेण्याचा विचार नाही.